गंगाळातली बोट

माझ्या सासूबाईंना दोन जावई. थोरला मी, उद्धव, अकोल्यात चित्रकलेचा मास्तर. धाकटा नितेश, अमरावतीला वीज मंडळात इंजिनीअर. बायका सख्ख्या बहिणी म्हणून आम्ही साडू. साडूचं कौतुक ऐकून ज्याच्या पोटात दुखत नाही, असा माणूस मला अजून भेटायचा आहे.

बाळापूरला सासरी दरवर्षी महालक्ष्म्या बसतात. त्यांच्यापुढच्या आराशीत पितळेचं मोठं गंगाळ पाण्यानं भरून ठेवायचं आणि त्यात बोट सोडायची, ही टूम माझी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी ती काढली. गावातल्या बाया दर्शनाला यायच्या, देवीला हात जोडायच्या आणि लगेच विचारायच्या, "मोठ्या जवाईबापूनं केली का?" त्या एका प्रश्नावर माझं वर्ष निघायचं.

मग माझ्या मेहुणीचं, आचलचं लग्न झालं आणि हा नितेश उगवला. पहिल्या वर्षी गुपचूप जेवून गेला. पुढच्या वर्षी येताना खोक्यातून बोट घेऊन आला. पांढऱ्या पीव्हीसी शीटची, सांध्यांना एमसील, पोटात खेळण्यातली मोटर. माझी बोट नुसती तरंगायची, त्याची गंगाळात गोल गोल फिरत राहिली. सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "नितेशराव, तुमची तं जित्ती हाये!" माझी बोट उचलून बाजूच्या चौरंगावर ठेवली गेली. कोणी ठेवली तेही मला कळलं नाही.

गेल्या वर्षी मीही मोटर बसवली. पण सांधे होते सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदाचे. तो पाण्यात भिजून सुटला आणि दर्शनाला आलेल्या बायांसमोर माझी बोट कलंडून तळाशी गेली. नितेशनंच हात घालून ती काढली. वर म्हणतो, "काही नाही भाऊ, होते असं." त्याचं ते 'होते असं' मला वर्षभर टोचत होतं.

म्हणून यंदा मला गंगाळातली माझी जागा परत हवी होती. बाकी काही नको होतं.

उन्हाळ्यात आम्ही अमरावतीला त्यांच्याकडे गेलो होतो. गॅलरीत त्याच्या सामानात एक नळी दिसली. बेसिनच्या कडेला, फरशीच्या फटीत भरतात ते सिलिकॉन. अस्सं, म्हणजे ही याची विद्या! तो चहा घेऊन बाहेर आला तेव्हा मी कुंडीतल्या मोगऱ्याकडे बघत होतो. त्याला विचारलं असतं तर त्यानं कौतुकानं सगळं सांगितलं असतं, आणि तेच मला नको होतं. साडूची शिकवणी लावायची वेळ माझ्यावर अजून आली नव्हती.

अकोल्यात येऊन तशीच नळी आणली. प्लायवूडची देखणी बोट केली. दोन मजले, खिडक्या, वर पिवळं धुराडं, पोटात मोटर. रंगकामात तर नितेश माझ्या पासंगालाही पुरायचा नाही. निघायच्या आदल्या दिवशी आतल्या सांध्यांवर सिलिकॉन फासलं. थोडं लावलं तर थोडं पक्कं, पुष्कळ लावलं तर पुष्कळ पक्कं, असा माझा हिशेब. सगळी नळी आत रिकामी केली आणि वरचा डेक लगेच घट्ट चिकटवून टाकला. नाकात आंबूस, सिरक्यासारखा वास गेला. म्हटलं, नवीन मालाला येतोच.

बाळापूरला पोचलो तर नितेशची बोट आधीच गंगाळात फिरत होती.

"उद्धवराव, तुमची अथीसा ठेवा," सासूबाईंनी चौरंग दाखवला. चौरंग म्हणजे अगदी नैवेद्याच्या पाटाजवळ, कोपऱ्यात. मी बोट ठेवली. नितेश वाकून तिचं धुराडं बघत म्हणाला, "काय सुंदर रंगवली भाऊ!" मला वाटलं, तेच धुराडं त्याच्या डोक्यात घालावं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या महालक्ष्म्या. पुरणपोळी, सोळा भाज्या, कढी, वडे आणि ज्वारीची आंबील. आंबिलीशिवाय आमच्या वऱ्हाडात महालक्ष्मी जेवत नाही. सासूबाई सकाळपासून निरंकार उपाशी. पानं वाढून झाली, आणि नैवेद्य दाखवायला बसलेल्या सासूबाईंचा हात तसाच थांबला.

"पौर्णिमा, हा आंबट वास कायचा वं?"

माझी बायको पुढं झाली. तिनं आंबिलीची वाटी नाकाशी नेली. "आंबील तं आंबटच राह्यते, आई."

"असा नाही राहत. हा नासल्याचा वास हाये." त्यांनी स्वतः वाटी घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला. "देवीच्या पानात नासकी आंबील वाढली म्या. इतक्या वर्साची घडी मोडली. माह्या हातून काय चुकलं वं माय?"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आचल म्हणाली, पुन्हा करू. पुन्हा करायची म्हणजे पीठ ताकात भिजवण्यापासून सगळं. तोवर देवी उपाशी, त्या उपाशी, घर उपाशी.

वास कुठून येतोय हे मला पहिल्या क्षणी कळलं होतं. बोट माझ्या मांडीशेजारी होती. तोंड उघडलं असतं तर एका वाक्यात काम होतं. पण ते वाक्य म्हटलं की बोट दाराबाहेर, आणि तीही नितेशच्या देखत! मी मूग गिळून बसलो.

नितेशनं एकदा चौरंगाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्याचं नाक त्या वासात तयार झालेलं, त्याला काय कळायचं राहतं!

"आई, आंबील चांगली हाये," तो उठून म्हणाला. "वास माह्या बोटीचा हाये. त्याच्यात मी बाथरूमचं सिलिकॉन लावलं, ते वाळलं नाही अजून. चुकलं माह्यं."

त्यानं गंगाळातून आपली बोट काढली आणि तशीच ठिबकती बाहेर अंगणात नेऊन ठेवली. आल्यावर गंगाळामागची खिडकी सताड उघडली. मग सगळ्यांसमोर माझी बोट चौरंगावरून उचलून गंगाळात सोडली, खिडकीजवळ. "आता उद्धवभाऊची फिरू द्या."

धूप पेटला, वारा आला, वास ओसरला. सासूबाईंनी आंबिलीचं बोट जिभेला लावलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. नैवेद्य झाला. माझी बोट छान फिरत होती. पाण्याचा एक थेंब आत जात नव्हता. आणि तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. सासूबाई धाकट्या जावयाच्या पानात तूप ओतत म्हणत होत्या, "दुसरा कोनी असता तं बोलला नसता. मन लागते तेवढं मोठं." मला त्यांनी तूप वाढलं की नाही, आठवत नाही.

जेवून नितेशला ड्यूटीवर परतायचं होतं. गाडीत आपली बोट ठेवून तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "भाऊ, डेक उघडून ठेवजा. ते हवेनं वाळते. कोंडलं का वासच मारत राह्यते." आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी त्याला दोन शब्द सुनावले असते आणि मोकळा झालो असतो. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

विसर्जन होईपर्यंत माझी बोट एकटीच गंगाळात फिरली. जागा मिळाली होती, माझी, हक्काची. ती मला साडूनं दिली होती.

परतताना बोट मागच्या सीटवर होती. पौर्णिमा शेजारी बसून बहिणीच्या नवऱ्याची आरती ओवाळत होती. "नितेशराव किती सरळ बोलले नं! चारचौघात आपली चूक सांगाची म्हणजे..." बाळापूर मागं पडलं. वरून ऊन, गाडीच्या काचा बंद. बोलता बोलता ती थांबली. तिनं एकदा नाक ओढलं, मग मागं वळून पाहिलं.

"काहो," ती म्हणाली, "त्याईची बोट तं कवाचीच अमरावतीले गेली. मंग हा वास कायचा?"

मी काच खाली करायला हात नेला.

"राहू द्या," पौर्णिमा म्हणाली. "बंदच राहू द्या."