गोड म्हणजे काय

प्रश्न : काल उठल्यापासून झोपेपर्यंत बाळाच्या पोटात काय काय गेलं?

"आईचं दूध," सोनुन म्हणाली.

प्रश्न तिला नव्हताच, तिच्या सुनेला होता. एरवी पाहुण्यांना चहा सुनेनं ओतायचा. आज बुरुलचाच्या मांडीवर पोर होतं म्हणून किटली सासूच्या हातात होती आणि किटलीबरोबर बोलण्याचा मानही.

"आपा, त्यांना बोलू द्या ना," सर्वेक्षणाची पेरिझात हसत म्हणाली. "नियम आहे आमचा. आईनंच सांगायचं."

"नियम! हिला घरात आणली तेव्हा उकडलेलं अंडं सोलता येत नव्हतं. बरं, सांग बाई. सांग तुझं पुराण."

बुरुलचाने खाली पाहिलं. पाच महिन्यांचा एरमेक ओल्या कणकेच्या गोळ्यासारखा पडला होता. काल त्याने दूध ओढणं सोडलं. पापण्या अर्ध्यावरच अडकायच्या. रडणं असं, की लांबच्या कुणाच्या तरी गोठ्यात मांजराचं पिल्लू अडकलंय. सोनुनने दोनदा दृष्ट काढली, आर्चा या डोंगरी झाडाच्या डहाळीचा धूर सगळ्या घरातून फिरवला. नवरा मेंढ्या घेऊन वर कुरणात, तिथे फोन लागत नाही. पोरांच्या खाण्यापिण्याची चौकशी करणारी गाडी गावात आली, तेव्हा बुरुलचा धावत जाऊन म्हणाली होती, आधी आमच्याकडे या. तिला प्रश्नांशी काही देणंघेणं नव्हतं. कुणीतरी पोराकडे बघावं, एवढंच.

"पीत नाही," ती हळू म्हणाली. "ओढतच नाही."

"अगं बाई. ते शेवटी 'इतर'मध्ये लिहू हं. दुधाशिवाय काही? चमचाभर, बोटभर, काहीही?"

"गोड."

"गोड म्हणजे?"

उत्तर :

(इथे जागा रिकामी राहिली.)

गोड म्हणजे मध. किर्गिझ बोलीत मधाला बाल म्हणतात, आणि बुरुलचाच्या सासऱ्यांचं नाव होतं बालबाय. सासरच्या थोरांचं नाव सून तोंडात आणत नाही. ते नाव ज्या शब्दात दडलंय तो शब्दही नाही. म्हातारा गेल्या हिवाळ्यात गेला. माणूस गेला, पण नाव गेलं नाही, उलट जड झालं. सोनुनने तर जन्मभर नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. परसात मधमाश्यांच्या पेट्या, आणि घरात मधाला नाव नाही, अशी गत.

"साखर ना?" पेरिझात म्हणाली. ती शहरातली, रशियन शाळेत शिकलेली. तिची आई सासऱ्यांना खुशाल नावानं हाक मारायची. बुरुलचा काही बोलली नाही, तेव्हा पेरिझातने पेन्सिलीनं साखरेपुढे खूण केली.

बुरुलचाने खूण पाहिली. साखर काय नि ते काय, तिला वाटलं. गोडच की.

प्रश्न : दंडाचा घेर.

पेरिझातने फीत काढली, एरमेकचा हात उचलला, गुंडाळली, मोजलं, हात सोडला. हात धप्पकन पडला.

"झोपलाय?"

"जागा आहे."

तिने आपलं बोट त्याच्या मुठीत ठेवलं. मूठ वळली नाही. मग पेरिझातचं हसू कुठच्या कुठे गेलं. कागद बाजूला सारून ती खिडकीशी गेली, कारण फोनला तिथेच काय ती रेघ दिसत होती. त्यांच्या पथकाच्या डॉक्टरबाईंचा आवाज खरखरत खोलीत आला.

"ताप?"

"नाही."

"शी?"

"कितीतरी दिवस नाही," बुरुलचा म्हणाली.

"पापण्या उघडतो पूर्ण? नाही? मान? ऐका, पोराला बाल चाटवलाय का? वर्षाच्या आतल्या मुलाला त्यातनं विषबाधा होऊ शकते. आधी अंग लुळं पडतं, मग श्वास."

परक्या बाईनं तो शब्द सहज घरात फेकला. सोनुनचा हात किटलीवर थबकला.

"नाही मॅडम," पेरिझात चटकन म्हणाली. "साखर. मी लिहून घेतलंय."

"नक्की?"

"हो."

"मग अंगातलं पाणी कमी झालं असेल. पाजत राहा थोडं थोडं. सोमवारी…" खरखर. "…सोमवारी घेऊन या."

बुरुलचाने सासूकडे पाहिलं. सोनुन किटलीच्या झाकणाकडे पाहत होती. जणू जगात एवढं एकच झाकण.

"गोड," बुरुलचा म्हणाली.

"हो, सांगितलं मी. साखर."

"साखर नाही. गोड!"

"मुरंबा?"

"नाही!"

"मग काय, ताई? लवकर बोला, फोन तुटेल."

दोन्ही हात पोराखाली. बुरुलचाने हनुवटीनं खिडकीबाहेर दाखवलं. पेट्यांकडे, पुन्हा पुन्हा. पेरिझातने वळून पाहिलं. पेट्यांवर झाड वाकलं होतं.

"सफरचंद? सफरचंद दिलंत?"

"आपा," बुरुलचा म्हणाली. "आपा, तुम्ही सांगा."

सोनुनचे ओठ हलले. आवाज नाही.

फोनमधून : "ठेवते मग."

"बाल!"

केवढ्यानं ओरडली. एरमेक दचकलाही नाही.

"बाल दिलाय! रोज! बोटानं चाटवलाय, बाल, बाल…"

मग सोनुन गुडघ्यांवर हात टेकत उठली, खिडकीशी गेली आणि पेरिझातच्या हातातल्या फोनशी वाकून, बहिऱ्याशी बोलावं तशी बोलली :

"मी दिला. हिनं नाही. अंगात ताकद यावी म्हणून. मी."

"आत्ता निघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रुग्णवाहिकेची वाट बघू नका, पथकाची गाडी घ्या. तोंडात काही घालू नका, दूधसुद्धा नाही. डोकं उंच धरा. श्वासावर नजर ठेवा. नारीन शहरातल्या दवाखान्यात मी कळवते. याचं औषध लांबून मागवावं लागतं, म्हणून म्हणते…"

फोन गेला.

प्रश्न : (विचारला नाही.)

गाडीत पेरिझात पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे दोघी, मध्ये पोर. बुरुलचाला मान वर करून सासूकडे पाहण्याचा धीर होत नव्हता.

"आपा, मी…"

"श्वास बघ."

रस्ता वळला. खाली नदी दिसली, पुन्हा लपली.

"तिथे परत विचारतील," सोनुन म्हणाली. "एक विचारील, मग दुसरा, मग कोण मोठा असेल तो. ज्याला त्याला तोच शब्द सांगायचा. मोठ्यानं. गोडबीड म्हणालीस तर थोबाड रंगवीन."

"आणि तुम्ही, आपा?"

"मला कमी ऐकू येतं."

बुरुलचाने मान हलवली. एरमेकची छाती खाली गेली. दोघी वाकल्या. छाती तशीच राहिली, तशीच, ड्रायव्हरने आरशातून पाहिलं, आणि मग वर आली.