डेरागाडीचं प्रस्थान

तात्यासाहेबांना गाड्यांतलं कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर मी आजही त्याच्याशी भांडेन. दरबारच्या शिकारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. तिथली डिझेलची डेरागाडी एखादा ड्रायव्हर बाजारातून भाजी आणायला घेऊन गेला, की त्याची अशी खरडपट्टी काढायचे की आमच्या नई सडकेपर्यंत चर्चा व्हायची. "डिझेल म्हणजे पेट्रोल नव्हे," ते म्हणत. "त्याचं अंग तापायला वेळ लागतो. तापून लांब पळालं, तर आपली काजळी आपणच जाळतं. रोज चार पावलं चालवून परत उभं कराल, तर आतून कुजेल." हे प्रवचन आम्हा बायकांनाही पाठ झालं होतं.

डेरागाडी म्हणजे लॉरीच्या सांगाड्यावर बांधलेली खोलीच. आत निजायला फळी, स्टोव्हला कोनाडा, खिडकीला जाळी. संस्थान विलीन झालं, शिकारखाना मोडला, आणि ही गाडी बाकी सामानाबरोबर गोदामात धूळ खात पडली. पुढे मध्य भारत राज्यही जाणार, राजधानी भोपाळला होणार असं ठरलं, तेव्हा गोदामं रिकामी करायची घाई झाली आणि गाडी लिलावात निघाली. तात्यासाहेबांनी ती घेतली. आमचं सगळं लष्कर शहर हसलं. राज्य गेलं आणि म्हातारा त्याची गाडी कवटाळून बसला, असं लोक म्हणाले.

लोकांना काय, बोलायला पैसे पडत नाहीत. गाडी घेतली होती ती अनसूयेसाठी.

अनसूया त्यांची बायको, माझी मैत्रीण. वाईची मुलगी, लग्न होऊन दौलतगंजात आली आणि पुन्हा माहेरी जायचं राहूनच गेलं. आज मुलाची मुंज, उद्या सासूचं आजारपण, परवा दरबारचा दौरा. कृष्णेच्या घाटावर एकदा पाय सोडून बसायचं, एवढं तिचं मागणं. त्यातच न्हाणीघरात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं आणि बसणंच संपलं. आगगाडीच्या बाकावर तिला कोण निजू देणार? डेरागाडीत मात्र ती निजून जाऊ शकत होती.

दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या मुहूर्तावर तिने प्रस्थान ठेवलं. लगेच निघता येत नसेल, तर जाणाऱ्याचं एखादं वस्त्र, त्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड बांधून, जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी ठेवतात. मुहूर्त साधतो, माणूस मागून निघतो. आमचं घर त्यांच्या दक्षिणेला, म्हणून गाठोडं माझ्या देवघरात आलं. तिने ते पलंगावर पडल्या पडल्या स्वतःच्या हाताने बांधलं आणि वर गाठीवर गाठ मारली. त्याच दिवशी तात्यासाहेब सोनं द्यायला आले ते उघड्या खांद्याने. "माझं जरीकाठी उपरणं सापडत नाही, सुधाताई. धोब्याने हरवलं म्हणते ही."

"धोब्याला बोलू नका," मी म्हटलं, "तुमचंच लक्ष कुठे असतं?"

प्रस्थानाला मुदत असते. मुदतीत निघालं नाही, तर ते वाया जातं, आणि घरी तर परत न्यायचंच नसतं. इकडे निघायचा दिवस काही ठरेना. मधुसूदन, त्यांचा मुलगा, सचिवालयात. त्याला भोपाळला जायचा हुकूम आला होता. तो म्हणायचा, "आई, बस थोडं थांब. इधर पूरा दफ्तर पॅक करून राहिलो आहोत." मग अनसूयेनेच तोड काढली. मुदत संपायच्या आत डेरागाडीतून माझ्या दारी यायचं, मी गाठोडं खिडकीशी न्यायचं, तिने जाळीतून बोट घालून त्याला हळदकुंकू लावायचं. झालं प्रस्थान ताजं. शास्त्रात हे बसतं की नाही, देव जाणे. तिला विचारायची माझी छाती नव्हती.

आधी हे चार-पाच दिवसांनी व्हायचं, मग एक दिवसाआड, मग रोज. दौलतगंजातून नई सडक, माझ्या दाराशी क्षणभर, आणि परत. गाडी सुरू व्हायची खोकत, धूर सोडत, आणि जरा ऊब धरते न धरते तोच बंद व्हायची. पुढे पुढे तिला ढकलायला गल्लीतला दौलतसिंह आणि त्याचे भाऊ लागायला लागले. बॅटरीत जीव उरत नव्हता. तेल डांबरासारखं झालं होतं.

एके दिवशी माझा संयम सुटला. अनसूया आत डोळे मिटून पडली होती. मी तात्यासाहेबांना ओट्याच्या कडेला घेतलं.

"तुम्ही दुसऱ्यांना शहाणपण शिकवत होतात ना? मग हे काय चाललंय? अशाने इंजिन मरेल आणि तिचं वाईला जाणं राहील. उद्याच निघा. मधू गेला भोपाळला तर जाऊ दे."

ते रिकाम्या खांद्यावरून उगाच हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "डॉक्टर पितृपक्षातच येऊन गेले, सुधाताई. हृदय थकलंय तिचं. इथल्या इथे मुरारपर्यंत फिरवा म्हणाले, पुढे नको. वाटेतली शिवपुरीदेखील गाठणार नाही."

मी जाळीच्या खिडकीकडे पाहिलं.

"तिला कसं सांगू? त्यापेक्षा गाडी बिघडू दे. तिला राग आला तर गाडीचा येईल, स्वतःच्या देहाचा नाही. शिव्या खायला मी आहेच."

ज्या माणसाने जन्मभर त्या इंजिनाला पोटच्या पोरासारखं जपलं, तो रोज सकाळी आपल्या हाताने त्याला मारत होता. मी पदराने डोळे पुसले आणि खिडकीशी गेले. अनसूयेने डोळे उघडले. "काय परेशान करून राहिलीस त्यांना?" ती म्हणाली. "आण, गाठोडं आण."

नोव्हेंबर लागला, मध्य भारत संपला. कचेऱ्यांची दप्तरं ट्रकांत भरून निघाली, मधुसूदनही गेला. दिवाळीनंतर एका सकाळी डेरागाडी माझ्या दाराशी आली, हळदकुंकू झालं, आणि मग काही केल्या सुरू होईना. दौलतसिंहाने कोपऱ्यापर्यंत ढकलली. तात्यासाहेबांनी बॉनेट उघडून उगाच आत डोकं घातलं. मला दिसत होतं, ते काहीच करत नव्हते, नुसते उभे होते.

"अहो," अनसूयेने आतून हाक मारली, "बसली का गाडी?"

"बसली."

"राहू द्या मग. फार चाललीत हो तुम्ही दोघं माझ्यासाठी."

फळीसकट तिला माणसांनी खांद्यावर घरी नेलं. गाडी माझ्या घराच्या कोपऱ्यावरच राहिली. पौषात अनसूया गेली. झोपेतच गेली, कुणाला हाक न मारता.

तेराव्यानंतर तात्यासाहेब माझ्याकडे आले. अस्थी स्मशानघाटावरच्या झाडाला बांधलेल्या होत्या, मधुसूदन सुट्टी मिळाली की प्रयागला नेणार होता. "तुम्हीच वाईला का नाही नेत?" मी विचारलं.

"तिच्याशिवाय मी तिथे कुठल्या तोंडाने जाऊ? फसवलं मी तिला. रोज फसवलं." त्यांनी देवघराकडे बोट केलं. "ते गाठोडं तेवढं सोडा. तिची चोळी असेल आत, कुणा सवाष्णीला देऊन टाका."

मी देवघरातून गाठोडं आणलं. वर हळदकुंकवाचा जाड थर बसला होता. गाठी सुटता सुटेनात, शेवटी दातांनी सोडवल्या. तांदूळ सांडले, सुपारी घरंगळली. आत चोळी नव्हती, लुगडं नव्हतं. घडी घातलेलं जरीकाठी उपरणं होतं.

तात्यासाहेब बघतच राहिले. "हे तर माझं," ते म्हणाले.

जो जाणार त्याचंच वस्त्र बांधतात. ही रीत तिनेच मला शिकवली होती. आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे कान किती तिखट असतात, हे आमच्या लक्षात यायला हवं होतं. डॉक्टर ओसरीवर कितीही हळू बोलले असले, तरी मधे एक भिंतच होती. दसऱ्याच्या आधीपासून तिला सगळं माहीत होतं. तरी ती रोज त्या फळीवर निजून यायची आणि नवऱ्याच्या प्रवासाला हळदकुंकू लावून परत जायची. तो तिला फसवत होता आणि ती त्याला फसवू देत होती.

तात्यासाहेब जमिनीवर बसले आणि उपरण्यात तोंड घालून लहान मुलासारखे रडले. मीही रडले, लाज कशाची? बऱ्याच वेळाने त्यांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि सवयीने दौलतगंजाच्या दिशेला वळले.

"तिकडे नाही," मी म्हटलं. "प्रस्थान उचललं की घरी परतायचं नसतं."

ते थांबले. मी दशम्या बांधून दिल्या, दौलतसिंहाला टांगा आणायला धाडलं. आधी घाटावरचं झाड, मग स्टेशन. टांगा कोपऱ्यावरून वळताना त्यांनी डेरागाडीच्या बॉनेटवर एकदा हात ठेवला.

"येतो, सुधाताई," ते म्हणाले. मग झाडाकडे घेऊन जाणाऱ्या रस्त्याकडे बघत म्हणाले, "येतो आम्ही."