चार नंबरची पिवळी जर्सी

"ही कोरी जर्सी कुणासाठी?" मॅनेजरसाहेबांनी पिवळी जर्सी दोन बोटांत उचलून धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. "गोलकीपर दोन, दोघींच्या दोन-दोन जर्सी बॅगेत आहेत. हिच्यावर तर नंबरसुद्धा नाही, आणि मापही सगळ्यांत मोठं."

"असू दे, साहेब. लागली तर."

"तुमचं हे 'लागली तर' उचलून उचलून बसवाल्याची कंबर गेली. आज पात्र ठरलो तर परदेशात जायचंय. तिथे विमानात सामानाचं वजन करतात. मला सुटसुटीत काम करणारं माणूस बघावं लागेल, आधीच सांगून ठेवतो."

साहेबांची पाठ वळताच तिने जर्सी टॉवेलांच्या चळतीखाली सरकवली.

संघाचे कपडे तिच्याकडे असत. धुणं, वाळवणं, पाठीवरचे आकडे, सगळंच. पोरी तिला गाठोडेताई म्हणायच्या. मोज्यांचे जादा जोड, बुटांच्या लेसा, केसांची रबरं, सेफ्टीपिना, काय मागाल ते तिच्याकडे निघायचं. हे वेड मुलीपायी लागलेलं. दोन वर्षांपूर्वी पाळणाघरात मुलीने अंगावर पाणी सांडून घेतलं आणि पिशवीत दुसरा जोड नव्हता. लेक परक्या मुलीच्या फ्रॉकमध्ये घरी आली. कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण तिला तो परका फ्रॉक अजून दिसे. तेव्हापासून ती कुठेही मोकळ्या हाताने गेली नाही.

पात्रता फेरीतला हा शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी चालणार होतं; हरलं की चार वर्षं घरी. प्रेक्षकांत सासूबाई मांडीवर नातीला घेऊन बसल्या होत्या, आणि तिचा एक डोळा सारखा तिकडे. पोरीने टोपी काढली की हिच्या जिवाची घालमेल.

एक-एक अशी बरोबरी होती. सत्याऐंशीव्या मिनिटाला घात झाला. समोरच्यांची एक खेळाडू चेंडू घेऊन एकटीच आत घुसली, इकडच्या गोलकीपरला चकवून पुढे निघाली, आणि गोलकीपरने मागून तिची जर्सी धरून ओढली. लाल कार्ड. वर पेनल्टी. खेळाडू बदलायच्या सगळ्या संधी वापरून झालेल्या, त्यामुळे दुसरी गोलकीपर बाकावर बसून नुसती रडत होती.

"शिडी, तू उभी राहा गोलात!" कोच ओरडले.

शिडी म्हणजे चार नंबरची बचावपटू, संघात सगळ्यांत उंच. गोलकीपरची जर्सी तिने चढवायला घेतली, तर ती खांद्यावरच अडकली. तेवढ्यात रेषेवरच्या पंचबाई आल्या. "पाठीवर एक नंबर चालणार नाही. हिचा चार आहे, चारच हवा."

साहेबांनी सगळ्या बॅगा उपड्या केल्या. "ताई! गाठोडेताई, ती सकाळची..."

साहेबांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच येत होतं. ती तेव्हा गवतावर मांडी ठोकून बसली होती. जर्सी मांडीवर, कापडी चारचा आकडा जर्सीवर, सुईत दोरा. तिचे हात भराभर चालले.

"झालं. घाल."

शिडीने आपल्या लाल जर्सीवरूनच पिवळी डोक्यात घातली. हात बाहेर आले, पण डोकं काही येईना. "ताई, आत कुठेतरी अडतंय!"

गाठोडेताईने आत हात घालून पाहिलं. घाईत तिने जर्सीची पुढची आणि मागची बाजू एकत्रच शिवली होती. शिवणाच्या वर्गात पहिल्या आठवड्यातल्या पोरी करतात ती चूक. मुख्य पंच घड्याळाकडे बोट दाखवत होत्या. "आणा इकडे, मी करतो," म्हणून साहेबांनी हात पुढे केला.

"तुम्ही बाजूला व्हा, साहेब," ती म्हणाली. असं ती आजवर कुणाला बोलली नव्हती.

तिने टाके कराकरा कापले. "घाल आता. अंगावरच शिवते."

"ताई, आतली जर्सीपण शिवली जाईल."

"जाऊ दे. सामना संपेपर्यंत तुला कुठे काढायचीय? टोचलं तर सांग."

"भोसका हवं तर, पण लवकर!"

शेवटचा टाका घालून तिने दोरा दातांनीच तोडला. शिडी पळता पळता मागे वळली. चेहरा पांढराफटक. "ताई, कुठल्या बाजूला उडी मारू?"

"मला काय विचारतेस? उडीबिडी मारू नकोस बाई, टाके कच्चे आहेत!"

शिडी गोलात जाऊन उभी राहिली. शिट्टी वाजली. पेनल्टी घेणारी धावत आली. पोरगी आता कुठेतरी झेप घेणार हे ती धरूनच चालली होती, म्हणून तिने चेंडू सणसणीत मधोमध मारला.

शिडी हललीच नाही. चेंडू तिच्या छातीवर आदळला आणि तिने दोन्ही हातांनी कवटाळला, पाळण्यातून पडणारं मूल झेलावं तसा.

मैदान दणाणून गेलं. पुढची सहा मिनिटं दहा पोरींनी जिवाचं रान केलं. शेवटची शिट्टी झाली तेव्हा गाठोडेताई टॉवेलांच्या चळतीवर तोंड दाबून रडत होती, आणि अख्खा संघ तिच्या अंगावर येऊन पडला. "गाठोडेताई! गाठोडेताई!" प्रेक्षकही ओरडत होते. सासूबाई उभ्या राहून शेजारणीला सांगत होत्या, "सून आहे माझी."

गर्दी पांगल्यावर साहेब बॅगा भरायला स्वतः वाकले. घसा खाकरून म्हणाले, "पासपोर्ट काढावा लागेल तुम्हाला."

"काढून ठेवलाय, साहेब. लागला तर."

साहेबांनी सगळ्यांत जड बॅग खांद्यावर घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी कपडे वाळत घालत होती. पिवळी जर्सी आणि तिला आतून शिवली गेलेली लाल जर्सी, दोन्ही एकदमच अंगातून निघाल्या होत्या, एकदमच धुतल्या गेल्या. लेक खाली उभी राहून मान वाकडी करून बघत होती.

"आई, चार वाकडा शिवलाय."

"हो."

"मग उसव ना. परत नीट शीव."

एरवी एक तिरपा टाका दिसला तरी तिला झोप येत नसे. तिने जर्सीच्या खांद्यांवर दोन चिमटे लावले, मागे सरकून एकदा पाहिलं, आणि मग तिसराही लावला.

"नाही," ती म्हणाली.