गच्चीपर्यंत पोचणारा पाइप

तिने पाइपाचं वेटोळं खांद्यावर टाकलं आणि दुकानातल्या दुकानात दोन फेऱ्या मारल्या.

“ताई, शाल नाहीये ती, अंगावर घेऊन बघायला,” दुकानदार म्हणाला.

“वजन बघतेय. जिना चढेपर्यंत खांदा निखळेल माझा. दुसरा दाखवा.”

“जाड आहे, तोच घे ना,” दाराशी उभा असलेला नवरा म्हणाला. “जन्मभर टिकेल.”

दाबाने पाणी मारायचं मशीन घरात होतंच. ते अंगणातल्या नळापाशी असायचं, गाडी धुवायला. वर गच्चीत नळ नव्हता आणि मशीनसोबत आलेला पाइप जेमतेम गाडीला वळसा घालत होता. गच्ची मात्र शेवाळाने हिरवीकाळी झाली होती. गेल्या वर्षी सासूबाई तिथेच घसरल्या आणि खुबा मोडला. हाड जुळलं, काठी घेऊन त्या चालायलाही लागल्या. पण तोवर मुलाने गच्चीच्या दाराला कुलूप ठोकलं होतं. सासूबाईंची खोली त्या दाराला लागूनच. दिवसभर त्या काचेतून बाहेर बघत बसायच्या. कधी कुणाला दोन शब्द सुनावल्याशिवाय न सोडणारी ती बाई आता वर्षभर गप्प होती, आणि ते गप्प राहणं सुनेला आतून खात होतं.

दुकानदाराने बोटाएवढा पातळ पाइप काढला. तिने त्यावरचे छापलेले आकडे वाचले आणि परत दिला.

“आमचं मशीन याहून जास्त दाब देतं. फुटेल हा.”

“मग दोन छोटे जोडून देतो.”

“आणि जोड जिन्यातच सुटला तर? गच्ची राहील बाजूला, घर धुऊन निघेल. अखंड हवा.”

शेवटी फळीच्या मागून एक निघाला. रबरी, नरम, आतून दोऱ्यांची घट्ट वीण, दाब सोसण्यात मशीनला वरचढ. तिने पिशवीतून जुन्या पाइपाचं टोक काढून आटे जुळवून पाहिले. बसले.

“एवढ्या उंचावर धारच पोचली नाही तर?” नवऱ्याने विचारलं.

“तर महिनाभर मी तोंड उघडणार नाही.”

“मग नाही पोचली तरी चालेल.”

दुपारी नवरा खाली मशीनपाशी थांबला. तिने पाइप जिन्याने वर नेला, कुलूप काढलं आणि कठड्यावरून ओरडली, “सोड!”

पाइप जिन्यात थरथरला, ताठ झाला. हातातली पाणी मारायची बंदूक खोकली, थुंकली, पुन्हा खोकली. सुनेने ओठ आवळले. आणि मग धार अशी सुटली की तीच दोन पावलं मागे गेली. शेवाळाखालून लाल फरशी उघडी पडली, जणू काल बसवलेली. ती पट्ट्यापट्ट्याने पुढे सरकत राहिली. कपडे भिजले, तोंडावर चिखल उडाला, तरी थांबली नाही.

“कोपरा राहिला.”

तिने वळून पाहिलं. सासूबाई दार ढकलून उंबऱ्यात उभ्या होत्या.

“राहिलाय,” सून म्हणाली. तिने ‘येऊ नका’ म्हटलं नाही. खोलीतून खुर्ची आणून धुतलेल्या फरशीवर भिंतीला टेकवून ठेवली.

“इथे काय? मी काय पाहुणी आहे? तिकडे घाणीपाशी ठेव.”

खुर्ची पुढे गेली. सुनेचा हात धरून, एकेक पाऊल चाचपत सासूबाई तिथवर आल्या. टेकल्या. काठी मांडीवर आडवी ठेवली आणि हात पुढे केला.

“दे इकडे.”

सून क्षणभर घुटमळली. मग तिने बंदूक दिली आणि मागे उभं राहून झटका आपल्या हातांवर यावा असा पाइप घट्ट धरला. सासूबाईंनी नेम धरला तो थेट त्या जागेवर, जिथे त्या पडल्या होत्या. शेवाळाची कातडी सोलल्यासारखी निघाली.

“गेली मेली!” त्या म्हणाल्या, आणि खदखदून हसल्या.

खालून नवऱ्याची हाक आली. “झालं का? बंद करू?”

सून तोंड उघडणार, तोच सासूबाई कडाडल्या, “हात लावू नकोस त्या बटणाला!”

खालून मशीनची घरघर तेवढी येत राहिली.