उतरली नाही, तर?

आमच्या अधारतालच्या ऑफिसात गीतांजली दीदी सॉफ्टवेअरच्या गरजा लिहिते. तिचं लिहून झाल्याशिवाय मला कोडला हात लावता येत नाही, म्हणून मी सतत चिडलेला असतो. लिहिते मात्र अशी, की खोट काढायला जागा सापडत नाही.

या वेळी काम होतं शाळेच्या व्हॅनच्या ॲपचं. व्हॅनमालक दुबेजींची मागणी एवढीच, की मूल उतरलं की घरी मेसेज जावा. दीदीने स्टोरी लिहिली, म्हणजे कोणाला काय हवं आणि त्याचा फायदा काय ते एका वाक्यात: 'एक आई म्हणून मला मुलगी उतरल्याचं कळावं, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल.'

"फायद्याच्या जागी हे काहून लिहून राहिली तू?" मी विचारलं.

"दुसरा कोणता फायदा आहे, सांग."

मी आणखीच चिडलो.

मग तिने कसोट्या लिहिल्या, म्हणजे काम पूर्ण झालं हे कशावरून मानायचं ते. तिचा नियम असा, की त्या गिऱ्हाइकानेच मोठ्याने वाचायच्या. दुबेजींसाठी तिने त्या हिंदीत लिहिल्या होत्या. पहिली त्यांनी भराभर वाचली: व्हॅन थांबली असताना मुलगी उतरली, तर आईला मेसेज जावा. मी लॅपटॉप उघडला.

दुसरी होती: व्हॅन स्टॉपवरून निघाली असताना मुलगी उतरलेली नसली, तर आईला आणि मालकाला लगेच कळावं.

दुबेजी वाचता वाचता थांबले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि ड्रायव्हरला लावला.

"भैया, आज सब बच्चे उतर गए न?"