हेल्मेटवाल्याची कंबर

टेलरबाई कोर्टात आल्या त्या गळ्यात टेप घालूनच! पंधरा वर्षांची सवय, ती काय एका दिवसात सुटते? नणंदेनं कपाळावर हात मारला. "अगं वहिनी, निदान आज तरी काढायचीस!" बाईंनी काढायला हात घातला आणि तेवढ्यात पुकारा झाला. राहिली ती राहिलीच.

प्रकरण असं. वर्षापूर्वी एका गिऱ्हाइकानं शर्ट-पँट शिवून घेतली आणि मग तो हात धुऊन बाईंच्या मागेच लागला. फोन करायचा, पण दर वेळी नव्या नंबरवरून. चिठ्ठ्या टाकायचा, त्यांवर सही नाही. आणि दुकानासमोर तासन् तास उभा राहायचा, तो डोक्यावर काळं हेल्मेट चढवून! नणंदेनं त्याचं नावच ठेवलं हेल्मेटवाला. पण टेलरला माणूस ओळखायला चेहरा थोडाच लागतो? बाईंनी तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. आठ महिने त्या शटर अर्धं पाडून, मशीन भिंतीकडे वळवून शिवत होत्या. या माणसानं आसपास फिरकायचं नाही असा संरक्षण आदेश आज मिळाला नाही, तर दुकान कायमचं बंद करायचं, असं ठरलं होतं. बाईंचा जीव नुसता टांगणीला लागला होता.

समोर पडद्यावर बाईंच्या शेजारच्या औषधाच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्र थांबवलेलं होतं. हेल्मेट आणि खाली एक माणूस.

"आत कोण आहे काय सांगावं?" त्याचा वकील म्हणाला. "माझे अशील वर्षभरात त्या रस्त्याला फिरकलेलेही नाहीत."

न्यायाधीशबाई वळल्या. "बाई, हेच ते, हे कशावरून म्हणता?"

बाई उठून उभ्या राहिल्या. हात आपसूक टेपकडे गेला, आणि टेप हाती लागताच भीती कुठच्या कुठे पळाली. "मॅडम, उजवा खांदा पाऊण इंच उतरलाय बघा. यांचे शर्ट-पँट मीच शिवलेत. माझ्या वहीत सगळी मापं आहेत."

"असे खांदे गावभर सापडतील!" वकील हसला.

"सापडतील की! आता कंबर बघा. वहीत अडतीस आहे, पण इथे..." बाईंनी डोळे बारीक केले. काम म्हटलं की त्यांना जगाचं भान राहत नसे. "चाळीस. छे, एक्केचाळीसला आली हो!"

"एक्केचाळीस?" हेल्मेटवाला ताडकन उठला. "काहीही काय! अडतीसच आहे! त्या दिवशी आत जाड स्वेटर होता, म्हणून तसा दिसतोय मी!"

वकिलानं त्याची बाही ओढली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मग नणंद फिस्सकन हसली आणि अख्खी खोली खिदळायला लागली. न्यायाधीशबाईंनी तोंडापुढे फाइल धरली. "लिहून घ्या," त्या लेखनिकाला कशाबशा म्हणाल्या, "आत स्वेटर होता."

आदेश झाला. फोन नाही, चिठ्ठी नाही, दुकान आणि घर दोन्हींपासून शंभर मीटर लांब. मोडला तर अटक.

"बाई, काही म्हणायचंय?"

"मॅडम, शंभर कमी पडतील. कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून मी नेहमी जास्तीचंच धरते."

"मग किती धरू?"

"दोनशे."

न्यायाधीशबाईंनी खरंच दोनशे लिहिलं!

परतताना दोघी इतक्या हसल्या की दोनदा रस्ता चुकल्या. दुकानाशी येताच बाईंनी शटरला हात घातला. शटर अर्ध्यावर गंजलं होतं. नणंद खालून रेटत होती, बाई वर ढकलत होत्या. शेवटी खडखडाट करत ते पार वर गेलं आणि ऊन थेट मागच्या भिंतीपर्यंत पोचलं.

"नवीन दुकान का?" जाणाऱ्या एका आजींनी विचारलं.

"नाही हो आजी, पंधरा वर्षांचं आहे," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मशीन फिरवलं आणि रस्त्याकडे तोंड करून शिवायला बसल्या.