अंड्याला तीन तास

आमचं गाव उत्तर इटलीत, पो नदीच्या खालच्या सपाटीवर. तिथे समुद्र फारसा कोणी पाहिलेला नव्हता, पण पाण्याचे नियम सगळ्यांना पाठ होते. खाऊन लगेच पाण्यात उतरायचं नाही. फळ खाल्लं तर एक तास थांबायचं, पाव खाल्ला तर दोन, अंडं किंवा मांस खाल्लं तर तीन. हे मला आईने सांगितलं, आईला तिच्या आईने, आणि साऱ्या गावाला ते पटवून दिलं सेकोंदो नावाच्या एका गड्याने. मळणीच्या जेवणानंतर त्याने कालव्यात उडी मारली, तो दुसऱ्या दिवशी खाली पाणचक्कीपाशी सापडला. पचन अडलं, असं सगळे म्हणाले. त्या दुपारी त्याने किती दारू प्यायली होती हेही सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कोणी बोललं नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्याला आमच्या दारावरून नेलं. घोंगडीतून बाहेर आलेली त्याची टाच अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे, पांढरी आणि सुरकुतलेली.

माझी नात म्हणते, नोन्ना, त्या नियमात काही तथ्य नाही. नसेलही. पण ज्या वर्षाची गोष्ट मी सांगते आहे तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि त्या नियमावर माझा देवाइतका विश्वास होता.

माझा नवरा ओरेस्ते समुद्राकाठचा, चेझेनातिकोच्या कोळ्याचा मुलगा. बिटाच्या हंगामात आमच्या साखर कारखान्यात कामाला म्हणून आला आणि माझ्यामुळे राहिला. नंतरची पस्तीस वर्षं त्याने बिटं उकळण्यात घालवली. दर ऑगस्टमध्ये आम्ही आठवडाभर त्याच्या बहिणीकडे जायचो. तो पहाटे उपाशीपोटी पाण्यात जायचा, म्हणजे माझ्याशी वाद नको. पोहत इतका लांब जायचा की त्याचं डोकं दिसेनासं व्हायचं. मी चपला हातात घेऊन वाळूवर उभी राहायचे. परत आला की म्हणायचा, "काय गं आर्जा, मोजलेस का तास?" माझं पूर्ण नाव आर्जिया, पण तसं तो कधीच म्हणाला नाही.

सत्त्याण्णव सालच्या वसंतात त्याचे पाय जायला लागले. आधी जिन्यावर अडखळायचा, मग सपाट जमिनीवर. बोलोन्याच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की हा स्नायूंचा आजार आहे, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत चाकाची खुर्ची लागेल, आणि त्यानंतर हातांची पाळी. ओरेस्तेने एकच प्रश्न विचारला, पाण्यात गेलं तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, हात आहेत तोवर चालेल, पाण्यात पायांना वजन नसतं. घरी येताना गाडीत तो मला म्हणाला, "तळ लागत नाही तिथपर्यंत जायचं आणि आपलं आपण परत यायचं. एकदाच. मग बसेन ते म्हणतात त्या खुर्चीत."

आमच्या मुलीने, लोरेत्ताने, मग आमची जहाजाची सहल ठरवली. व्हेनिसहून निघून सात दिवस ग्रीसची बेटं. ओरेस्तेने कार्यक्रमाचा कागद नीट वाचला आणि त्यातल्या गुरुवारवर पेन्सिलने गोल केला. बाकीच्या दिवशी दगडी गावं होती, पायऱ्या होत्या, देवळं होती. त्यात त्याला रस नव्हता. गुरुवारचं बेट लहान, धक्का उथळ, जहाज बाहेर नांगर टाकणार आणि लाँचमधून लोकांना किनाऱ्यावर नेणार. धक्क्यापासून वाळू पन्नास पावलांवर. सकाळी नऊ ते दुपारी चार. पहिले तीन दिवस तो डेकवर खुर्ची टाकून बसला आणि ज्याला त्याला विचारत राहिला की गुरुवारी हवा कशी असेल.

त्या सकाळी त्याने फक्त कॉफी घेतली, तीही बिनसाखरेची. आदल्या रात्रीही थोडंच जेवला होता. त्याचा बेत मला दिसत होता. किनाऱ्यावर पाऊल टाकायचं आणि सरळ पाण्यात, म्हणजे मला बोलायला जागाच नको. मी मात्र पिशवीत न्याहारीच्या टेबलावरचं सामान भरून घेतलं. पाव, हॅम, कांदा घालून केलेली अंड्याची पोळी, दोन पीच. तो आजारपणात फार वाळला होता. त्याच्या मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायचं. मला दिवसरात्र एकच काळजी होती, की याच्या पोटात काहीतरी जावं.

लाँचसाठी रांग लांबली. तास झाला तरी आमचा नंबर येईना. आत कोंदट होतं, जिन्यात माणसं उभी. ओरेस्ते काठीवर भार देऊन उभा होता आणि हळूहळू त्याचा चेहरा मेणासारखा झाला. मी पिशवी उघडली.

"खा थोडं."

"खाल्लं तर तू मला पाण्यात जाऊ देणार नाहीस."

"थोड्याला काय होतंय? दोन घास. पडशील नाहीतर इथेच."

माझ्यावर विश्वास ठेवला त्याने. पहिला घास नाखुशीने घेतला, पण आदल्या दिवसापासूनची भूक ती, थांबेना. अख्खी पोळी खाल्ली, पाव खाल्ला, हॅमही. मला इतकं बरं वाटलं. त्याच्या गालांवर रंग आलेला मी किती दिवसांनी पाहत होते. रुमालाने त्याची हनुवटी पुसली आणि त्याच वेळी, सवयीनेच, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहाला दहा कमी.

किनारा छान होता, एवढंच म्हणते. गवती छत्र्या भाड्याने देणारी काळ्या कपड्यांतली एक बाई होती, तिने ओरेस्तेची काठी बघून आम्हाला पाण्याजवळची छत्री दिली. त्याने शर्ट काढून घडी घातली, बूट काढले, बुटांत मोजे ठेवले. आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "एक वाजायला दहा मिनिटं. तोवर नाही."

तो हसला. थट्टा वाटली त्याला. मग माझा चेहरा पाहून त्याचं हसू गेलं.

"रांगेत तू म्हणालीस, थोड्याला काही होत नाही."

"तू थोडं कुठे खाल्लंस?"

भांडलो असं नाही. आम्ही भांडायचोच नाही फारसे. तो कारखान्यात युनियनचा माणूस, साहेबांशी तासन् तास हुज्जत घालायचा, पण घरात माझ्या आईचे सगळे नियम त्याने पाळले होते. गुरुवारी नखं कापू नयेत इथपासून. हेही पाळलं. वाळूवर पाय पसरून बसला आणि पाण्याकडे पाहत राहिला. निळं, थंड, तळाची वाळू दिसेल इतकं स्थिर पाणी होतं ते. साडेदहा वाजता तसं होतं, अकरा वाजताही. मला ते नीट आठवतं, कारण नंतर मी ते मनात हजार वेळा पाहिलं.

शेजारच्या छत्रीखाली एक लठ्ठ जर्मन गृहस्थ होते. त्यांनी अर्धं कलिंगड चमच्याने कोरून संपवलं, तोंड पुसलं आणि सरळ चालत पाण्यात गेले. ओरेस्ते त्यांच्याकडे बघत म्हणाला, "त्याच्या बायकोला सांगून ये गं, दहा मिनिटांत विधवा होणार आहे." ते गृहस्थ अर्ध्या तासाने बाहेर आले आणि पीच खायला बसले. मी म्हटलं, जर्मनांची पोटं वेगळी असतात. माझा त्यावरही विश्वास होता.

साडेअकराला त्याने घासाघीस सुरू केली. पोळी पातळ होती. अंडी दोन नाही, एकच असेल. कांदा तर उलट पचनाला मदत करतो. मी विचार केला आणि अर्धा तास सोडला. बारा वीस. त्याने मान डोलावली, मनगट वर करून घड्याळ जागेवर आणलं आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागला. खरं सांगायचं तर तेव्हाच मला त्याला जाऊ द्यावंसं वाटलं होतं. त्याचे पाय वाळूत सरळ पडले होते, पांढरे, बारीक, पोटऱ्या नसलेले. आणि नेमकं ते पाय पाहूनच मला सेकोंदो आठवला. धडधाकट गडी बुडतो तर हा कसा टिकेल, असं मनात आलं. मी बारा वीसवरून मागे हटले नाही.

वारा बाराच्या सुमारास आला. आधी छत्र्यांचं गवत सळसळलं. मग काळ्या कपड्यांतली बाई उठली, उत्तरेकडे एकदा पाहिलं आणि रिकाम्या छत्र्या मिटायला लागली. तिने आम्हाला हाताने काहीतरी खूण केली, मला कळली नाही. लांब पाण्यावर पांढरं दिसू लागलं. तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला. एकदा, दोनदा, तीनदा. पांढऱ्या शर्टातले जहाजावरचे दोघे धक्क्यावरून पळत आले आणि प्रत्येक छत्रीपाशी जाऊन सांगू लागले की सगळ्यांनी लगेच परत यायचं, समुद्र चढतो आहे, अर्ध्या तासाने लाँच चालवता येणार नाही.

बारा पाच झाले होते.

मी म्हटलं, "जा. जा ओरेस्ते, आत्ता जा, पटकन."

तो काठी न घेता उठला. कसा उठला देव जाणे. मी त्याचा हात धरला, आम्ही दोघं पाण्यापर्यंत गेलो, मी कपड्यांनिशी. घोट्यापर्यंत गेला, गुडघ्यापर्यंत गेला. आता लाटा फुटत होत्या. फार मोठ्या नव्हेत, त्याच्या बहिणीकडे तो याहून दुप्पट लाटांत पोहलेला. तीन पावलं अजून हवी होती, मग पाण्याने त्याला उचललं असतं. तिसऱ्या लाटेने त्याचे पाय काढून घेतले. तो बसला, नुसता बसला पाण्यात, आणि माझ्या हातून त्याचा हात सुटला.

शर्टवाल्यांपैकी एकाने त्याला काखेत धरून उचललं. पन्नाशीचा, दणकट, नापोलीकडचा माणूस होता. ओरेस्ते त्याला शांतपणे म्हणाला, "मला पाच मिनिटं द्या. मी कोळ्याचा मुलगा आहे."

"मीही, सिन्योरे," तो म्हणाला. "म्हणूनच नाही देत."

मीही बोलले त्याच्याशी. काय काय बोलले. आजार सांगितला, डॉक्टर सांगितले, गुरुवार सांगितला, माझी चूक आहे म्हणाले, शेवटी हात जोडले. त्याने सगळं ऐकून घेतलं. दुष्ट माणूस असता तर बरं झालं असतं, मला त्याच्यावर चिडता आलं असतं. "सिन्योरा, उद्या दुसरं बेट आहे," असं म्हणाला. दुसऱ्या दिवशीचं बेट सगळं खडकांचं होतं. दोघांनी मिळून ओरेस्तेला हातांच्या पाळण्यात बसवलं आणि धक्क्याकडे नेलं. मी त्याचे बूट आणि काठी घेऊन मागे चालत होते. लाँचमध्ये तो रागावलेलाही दिसला नाही. थंडीने कुडकुडत होता. मी त्याला टॉवेल गुंडाळला. एवढंच करता येण्यासारखं होतं.

जहाजावर वरच्या मजल्यावर पोहण्याचा हौद होता. मी कोणाला न सांगता वर जाऊन आले. जहाज हलत असल्यामुळे त्यातलं पाणी काढून टाकलेलं, वर जाळी बांधलेली.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर आमच्याबरोबर तोरिनोचं एक जोडपं असायचं, सिन्योर बर्तोलिनो आणि त्यांची विल्मा. ते दोघं त्या दिवशी जहाजावरच पत्ते खेळत बसले होते. विल्मा सूप यायच्या आधीच म्हणाली, "मग सिन्योर ओरेस्ते, झाली का तुमची समुद्राशी ती भेट? आम्ही सकाळपासून तुमचीच आठवण काढतोय."

मी ताटाकडे पाहिलं.

ओरेस्ते म्हणाला, "झाली ना."

आणि त्याने सांगायला सुरुवात केली. पाणी आधी गार लागलं, मग नाही. तळाची वाळू लांबपर्यंत दिसत होती, मग हिरवं झालं, मग काळसर, मग पाय खाली सोडले तर काही लागेना. तिथे एक खडक आहे, तिथपर्यंत गेला. खडकाला हात लावला, शेवाळ होतं. पाठीवर पडून थोडा वेळ आभाळ पाहिलं. मग परत. वारा येण्याच्या बेताला बाहेर निघाला. तो ते इतकं सावकाश, इतकं नीट सांगत होता की बर्तोलिनोंनी चमचा खाली ठेवला. ओरेस्तेने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

विल्मा माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही, सिन्योरा? भीती नाही वाटली? किती वेळ होता आत?"

खोटं बोलणं पाप असतं हे लहानपणी शिकवलं होतं, तेही पाठ होतं. मी म्हटलं, "बराच वेळ."

टेबलाखाली त्याचा हात माझ्या गुडघ्यावर आला आणि राहिला. त्याने मला माफ केलं की आता या गोष्टीबद्दल कधीच बोलायचं नाही असं सांगितलं, मला समजलं नाही. मी विचारलंही नाही. त्यानंतर तो चार वर्षं होता. खुर्ची फेब्रुवारीतच आली.

लोरेत्ताला त्याने तेच सांगितलं. दर ख्रिसमसला कोणीतरी विचारायचं आणि तो सांगायचा, शब्दही बदलायचा नाही. नंतर त्याचा आवाज अस्पष्ट झाला, तेव्हा तो माझ्याकडे बोट करायचा आणि मी सांगायचे, गार पाणी, हिरवं, काळसर, खडक. आता लोरेत्ता तिच्या नातवंडांना सांगते की तुमच्या पणजोबांना चालता येत नव्हतं तरी ते समुद्रात खडकापर्यंत पोहून गेले होते. मुलं माझ्याकडे बघतात. मागच्या रविवारी धाकटीने विचारलं, खडक केवढा होता.

मी हाताने दाखवला, एवढा.